अँडी घरी 'आला' की 'आलं'?

रातकिडा
शनिवारी रात्री आम्ही चौघांनी 'डेथड्रीम' पाहिला. दिग्दर्शक बॉब क्लार्क, साल १९७४, फ्लोरिडातल्या ब्रुक्सव्हिल गावात फार थोड्या पैशांत उरकलेला. व्हिएतनाममध्ये अँडी गोळी लागून पडतो. प्राण जाताना कानात आईचा आवाज, तू परत येणार, कबूल केलं होतंस. लष्कराकडून तो गेल्याचा निरोप घरी येतो, आई तो मानायलाच तयार नसते. आणि त्याच रात्री अँडी दारात हजर! सगळे हरखतात. मग बाप हळूहळू कोड्यात पडतो, कारण पोरगा जेवत नाही, झोपत नाही, अंधाऱ्या खोलीत झुलत्या खुर्चीत तासन्‌तास डुलत बसतो. त्याला टिकून राहायला माणसाचं रक्त लागतं आणि ते तो सुईने टोचून घेतो.

भांडण लागलं ते शब्दावरून. मी यावर चार ओळी लिहायला बसले आणि पहिल्याच वाक्यात अडले, की अँडीला म्हणायचं काय? एक म्हणाला भूत. दुसरी म्हणाली, भुताला शरीर कुठलं, हे प्रेत. तिसऱ्याने झोंबी म्हणून विषय संपवला. फ्रेंचांकडे 'रेव्हनाँ' आहे, शब्दशः परत येणारा, आणि भुतालाही तेच म्हणतात. मराठीत असं काही आहे का?

सिनेमा कसा वाटला तेही सांगा. मला आवडला. एक मित्र 'रटाळ' म्हणून मोकळा झाला.

तिखटजाळ
झोंबी नको, हात जोडते. आपल्याकडे झोंबी आधीपासून आहे. दोघं एकमेकांना भिडतात ती झोंबी. मिरची झोंबते, बोलणं झोंबतं. उच्चारसुद्धा जवळपास तोच, झाडातला झ. माझ्या भाचीने आनंद यादवांची 'झोंबी' भयकथा समजून विकत आणली होती. शाळेसाठी बापाशी झगडणाऱ्या पोराची गोष्ट निघाली. वाचली मात्र पूर्ण.

शिवाय अँडी झोंबीसारखा वागतही नाही. टोळीने फिरत नाही, नीट बोलतो, समोरच्याला खिजवतो.

आणि तुमच्या मित्राला सांगा, संथ वेगळं, रटाळ वेगळं. संथ सिनेमात काहीतरी सरकत असतं. अंगणात शेजारची पोरं जमलेली असताना अँडी घरच्या कुत्र्याचा एका हाताने गळा आवळतो, चेहऱ्यावर रेघ हलत नाही. तिथे मी सिनेमा थांबवून गॅलरीचं दार लावून आले.

पिंपळपार
'प्रेत' म्हणजे प्र + इत, पुढे निघून गेलेला. हिंदीत प्रेत हिंडतं. मराठीत प्रेत तिरडीवर आडवं असतं, जुना अर्थ 'भूतप्रेत' या जोडीत तेवढा उरलाय. म्हणून 'प्रेत दारात उभं होतं' असं लिहिलंत तर वाचणारा आधी हसेल. 'भूत' म्हणजे होऊन गेलेलं, भूतकाळातलं तेच.

आपली भुतं मात्र फार काटेकोर. मुंज होऊन सोडमुंजीआधी गेला तो मुंजा, त्याला पिंपळ. वासना राहिलेला ब्राह्मण तो समंध. मुसलमानाचं भूत खवीस. बाळंतपणात गेलेली अलवंतीण. प्रत्येकाची जात, जागा, राहिलेली इच्छा ठरलेली. या यादीत रणात पडलेल्या शिपायाचं वेगळं भूत मला तरी सापडत नाही. तो भूत होत नाही, 'वीर' होतो. गावाबाहेरचा वीरगळ पाहा, खालच्या चौकटीत लढाई, मधे त्याला अप्सरा नेताहेत, वर शिवलिंगाची पूजा. (यातला 'गळ' मासे पकडायचा नव्हे. कानडी कल्लु, म्हणजे दगड.) कुणाच्या देव्हाऱ्यात वीराचा टाक असतो. नाशकात धुळवडीला वीर मिरवतात. म्हणजे आपला वीर येतो, पण ठरलेल्या दिवशी, वाजतगाजत, आणि लोक त्याला नाचवून परत ठेवतात. अँडीचं तसं नाही. त्याच्यासाठी कुणी वाजंत्री लावली नाही, आणि तो परत जायलाही तयार नाही.

फुटकळ
शब्दाचं तुमचं चालू द्या. माझं मत, सिनेमा सामान्य आहे. अंधार इतका की कोण कुणाला मारतंय ते कळत नाही, पोलीस म्हणजे नुसते भरतीचे. ज्याला 'बी ग्रेड' म्हणतात तो हाच.

तिखटजाळ
@फुटकळ, 'कमी खर्चाचा' आणि 'बी ग्रेड' एकाच मापाने मोजू नका हो. पहिलं जमाखर्चाचं वर्णन, दुसरा निकाल. बाप झालेला जॉन मार्ली म्हणजे 'गॉडफादर'मध्ये ज्याच्या पलंगात घोड्याचं मुंडकं निघतं तो. तो आणि आई झालेली लिन कार्लिन, दोघं १९६८ च्या 'फेसेस'मध्येही नवराबायको होते. जेवणाच्या टेबलावर दोघं ज्या थकलेल्या सवयीने भांडतात ती पैशाने येत नाही. अंधाराबद्दल मात्र मान्य.

रंगभूषेच्या चमूत टॉम सॅव्हिनी होता, आणि तो व्हिएतनाममध्ये लष्करी छायाचित्रकार म्हणून राहून आला होता. शेवटाकडे अँडीचा चेहरा सडत जातो. कुणी काय पाहून आलं होतं ते कळल्यावर मला त्या रंगाला हसता आलं नाही.

बखरवाला
रातकिडा, तुमचा शब्द आपल्याकडे केव्हाचा आहे. 'तोतया'.

१७६१ ला पानिपतावर सदाशिवराव भाऊ पडले. पार्वतीबाईंनी ते मानलंच नाही, वैधव्य पत्करलं नाही. मग भाऊ म्हणवणारा एक जण उभा राहिला. लोकांनी त्याला नुसतं पाहिलं नाही, मानलं. कोकणातले किल्ले त्याच्या बाजूला गेले. शेवटी १७७६ ला त्याला देहान्त शिक्षा झाली. लढाईतून परत आलेला पण 'तो' नसलेला, यासाठी याहून नेमका शब्द कुठल्या भाषेत असेल तर दाखवा.

आणखी एक. जुन्या कागदांत पडलेल्यांबद्दल 'कामास आले' असं लिहितात, आजही आपण 'कामी आला' म्हणतो. धारातीर्थी, वीरमरण हे शब्द फुलं वाहतात. 'कामी आला' हिशेब मांडतो, माणूस उपयोगी पडला, खाते बंद. अँडी हा कामी येऊन घरी आलेला माणूस. डॉक्टरला तो जे ऐकवतो त्याचा मतलब तोच, मी तुमच्यासाठी मेलो, आता तुमची पाळी.

रातकिडा
@बखरवाला, 'कामी येऊन घरी आलेला' उचलतेय. 'तोतया' मात्र पटत नाही. तोतया मुळात दुसराच असतो, सोंग घेतो. अँडी सोंग घेत नाही. तो अँडीच आहे, हेच तर भयंकर आहे. आईला तोतया चालला असता असंही मला वाटतं, कारण ती विचारतच नाही.

सुईबद्दल राहिलं. व्हिएतनाममधल्या अमेरिकन सैनिकांचं हेरॉइनचं व्यसन १९७१ पासून तिकडे उघड गाजत होतं. प्रेक्षकाला समजावून सांगायची गरजच नव्हती. सदऱ्याची वर सरकवलेली बाही, दंड, सुई. रक्त शोषायला सुळे दिले असते तर तो नुसता पिशाच्चपट झाला असता.

फुटकळ
मग 'लागीर' घ्या की. लागीर म्हणजे भूत लागणं, आणि 'लागिरं झालं जी' मालिका फौजीचीच होती. जुळतंय सगळं.

पिंपळपार
जुळत नाही, राव. लागीर ज्याला होतं तो झपाटलेला, झपाटणारा नव्हे. या सिनेमात लागीर झालंच असेल तर आईला.

ओसरी
मी साताऱ्याकडची. सिनेमा तुमच्यामुळे काल पाहिला, तांत्रिक काही कळत नाही, पण शब्दाचं सांगते.

माझे थोरले आजेसासरे मराठा लाइट इन्फन्ट्रीत होते, १९४४ ला इटलीत गेले ते गेलेच. तार आली. आमच्याकडे 'तार आली' म्हटलं की वाचायच्या आधी बायका रडायला बसत. देह आला नाही, म्हणून पळसाच्या पानांचा पुतळा करून क्रियाकर्म केलं. त्यांच्या आईने मात्र मरेपर्यंत रात्री दाराला कडी लावू दिली नाही. नुसतं लोटून ठेवायचं. युद्ध संपल्यावर एका संध्याकाळी त्यांच्या पलटणीतला कुणी सोबती पत्र्याची पेटी पोचवायला आला. दिवेलागणीची वेळ, अंगावर खाकी. म्हातारी ओसरीवरून ओरडली, "आलं गं! आलं माझं लेकरू!" तो माणूस पेटी तिथेच ठेवून खाली मान घालून उभा राहिला.

पुढे म्हातारी रात्री दाराशी बोलत बसायची. शेजारच्या बायका आवाज बारीक करून म्हणायच्या, "ते येतंय म्हणं तिच्याकडं."

आता बघा. आईचं 'आलं' आणि शेजारणींचं 'ते येतंय', दोन्ही नपुंसकलिंगी. लेकरू ते, भूतही ते. सिनेमाच्या शेवटी अँडीने स्वतःच खणलेल्या खड्ड्यात ती बाई त्याच्यावर माती लोटते आणि पोलिसांना सांगते, अँडी घरी आलाय, काहींची मुलं तर येतच नाहीत. मराठीत ती 'आलाय' म्हणाली नसती.

रातकिडा
ओसरीताई, वेगळा शब्द शोधायचं मी सोडलं. या सिनेमाचं आणखी एक इंग्रजी नाव आहे, 'अँडी घरी आला ती रात्र' अशा अर्थाचं. मी 'आलं ती रात्र' असं लिहू का?

पिंपळपार
'अँडी आलं' व्याकरणात बसत नाही. कर्ता लेकरू हवं.

ओसरी
मग अँडी काढा की. 'लेकरू घरी आलं ती रात्र'.

फुटकळ
बालनाट्य वाटेल.

रातकिडा
वाटू दे. पहिली दहा मिनिटं आईलाही तसंच वाटत असतं.