ऑक्सिटोसिनचा फवारा: मेंदूचं चित्र बदललं, मुलाचं काय बदललं?

सांजवात

माझा मुलगा पंधरा वर्षांचा. निदान साडेतीनव्या वर्षी झालं, त्यामुळे ऑटिझम आमच्या घरात जुना झालाय. नवीन आहे ते वेगळंच. वर्गातली मुलं थट्टा करताहेत की आपुलकीनं बोलताहेत हे त्याला आधीही उमगत नव्हतं. आता आपल्याला ते उमगत नाही, हे त्याला कळायला लागलंय. शाळेतून आला की दप्तर न काढताच विचारतो, "आई, ते माझ्यावर हसले की माझ्याबरोबर?" मी तिथे नव्हते. मी काय सांगणार?

गेल्या महिन्यात थेरपी सेंटरच्या बाकावर दुसऱ्या एका आईनं ऑक्सिटोसिनच्या नाकात मारायच्या फवाऱ्याचा विषय काढला. तेव्हापासून मिळेल ते वाचतेय. बाळंतपणात कळा आणणारं, अंगावर पाजताना पान्हा फोडणारं हे संप्रेरक मेंदूतल्या हायपोथॅलॅमसमध्ये तयार होतं. २०१० साली सिडनीच्या गास्टेला यांच्या गटानं १२ ते १९ वयाच्या १६ ऑटिस्टिक मुलग्यांना त्याचा फवारा दिला. नुसत्या डोळ्यांच्या फोटोवरून समोरच्याच्या मनातला भाव ओळखायचा, अशी चाचणी होती. फवाऱ्यानंतर त्यांना ती थोडी जास्त जमली. २०१३ मध्ये येल विद्यापीठात इलानिट गॉर्डन आणि सहकाऱ्यांनी ८ ते १६ वयाच्या १७ मुलांचे एफएमआरआय, म्हणजे मेंदूचा कोणता भाग कामाला लागलाय हे दाखवणारी चित्रं, काढले. प्रत्येक मूल दोनदा आलं, एकदा खरा फवारा आणि एकदा औषध नसलेला. खऱ्या फवाऱ्यानंतर डोळ्यांचे फोटो पाहताना मेंदूच्या आतला स्ट्रायटम हा भाग, कपाळामागचा भाग, कानाच्या वरच्या बाजूची सुपिरियर टेम्पोरल सल्कस ही घडी असे भाग जास्त कामाला लागले. वाहनांचे फोटो पाहताना मात्र तिथलीच हालचाल कमी झाली. ही शेवटची गोष्ट मला फार मोलाची वाटते. सरसकट चेतवणारं औषध असतं तर दोन्हीकडे वाढ दिसली असती. इथे माणूस आणि वस्तू यांतला फरक मेंदूनं ठळक केला.

२०२१ च्या मोठ्या चाचणीत रोजच्या फवाऱ्याचा फायदा दिसला नाही. पण म्हणून "त्या चाचणीनंतर हा विषय मिटला" हे मला मान्य नाही. रोज फवारा मारला की मूल आपोआप माणसांत रमेल, ही अपेक्षाच चुकीची होती. शिकवण्याच्या तासाआधी एक मात्रा द्यायची आणि मेंदू लक्ष द्यायला तयार असतानाच शिकवायचं, असा प्रयोग किशोरवयीन मुलांवर नीट व्हायला हवा. आपल्याकडेही व्हायला हवा. आमच्या मुलांचं वय कुणासाठी थांबत नाही.

प्रयोगवही

ताई, तुम्ही मनापासून वाचलंय, म्हणून उत्तरही सविस्तर देतो. मी मेंदूविज्ञानात पीएचडी करतोय.

येलच्या अभ्यासातली एक गोष्ट बहुतेक बातम्यांत मागे पडली. मेंदूची चित्रं बदलली, पण त्याच वेळी यंत्रात पडून मुलं जी उत्तरं देत होती, ती काही जास्त बरोबर आली नाहीत. एफएमआरआय पेशींचं काम थेट मोजत नाही, रक्तातल्या ऑक्सिजनमधले बारीक फरक टिपतं. एखादा भाग जास्त उजळला तर त्याचा अर्थ "समज वाढली" असा होईल, किंवा "तेवढ्याच समजेसाठी जास्त कष्ट पडले" असाही. १७ मुलांवरून यातलं कोणतं खरं, ते ठरत नाही.

आता २०२१ ची चाचणी. अमेरिकेत ३ ते १७ वयाची २९० मुलं, २४ आठवडे रोज फवारा. लोकांपासून दूर राहण्याचं प्रमाण पालक एका प्रश्नावलीवर नोंदवत होते. ऑक्सिटोसिनच्या गटात गुण सरासरी ३.७ नं उतरले, औषध नसलेल्या गटात ३.५ नं. दोन्ही गट सुधारले, ताई. महिने गेले, मुलं वाढली, घरच्यांचं लक्ष वाढलं.

आणि तुम्ही सुचवता तो प्रयोग झालेला आहे. २०१४ मध्ये ऑस्ट्रेलियात डॅड्स यांच्या गटानं ७ ते १६ वयाच्या ३८ मुलग्यांना सलग चार दिवस आईवडिलांबरोबरच्या प्रशिक्षणासोबत फवारा दिला. प्रशिक्षणापेक्षा जास्त काही हाती आलं नाही. खुद्द गास्टेला यांनीही २०१५ मध्ये ५० किशोरांवर आठ आठवडे पुन्हा पाहिलं, फायदा दिसला नाही. त्यात एक निरीक्षण होतं: आपल्या मुलाला खरा फवारा मिळतोय असं ज्या पालकांना वाटत होतं, त्यांनी जास्त सुधारणा नोंदवली. फवारा खरा असो वा नसो.

डोंगरकपारी

दादा, तुम्ही एकाच बाजूचे अभ्यास मांडलेत. २०१६ मध्ये सिडनीतच ३ ते ८ वयाच्या ३१ मुलांत पाच आठवड्यांत फरक दिसला होता. २०१७ मध्ये स्टॅनफर्डच्या कॅरेन पार्कर यांनी ६ ते १२ वयाच्या ३२ मुलांवर चार आठवडे काम केलं. ज्यांच्या रक्तात ऑक्सिटोसिन मुळात कमी होतं, त्यांना जास्त फायदा झाला. हे का नाही सांगितलं?

माझी मुलगी तेरा वर्षांची आहे. ऑटिझम असलेली दोन मुलं मी एकसारखी पाहिलेली नाहीत. तीन वर्षांचं बाळ आणि सतरा वर्षांचा मुलगा एकाच सरासरीत घातले, तर ज्याला उपयोग होतो तो त्या सरासरीत बुडून जातो. शिवाय २९० मुलांच्या चाचणीत दुष्परिणाम दोन्ही गटांत सारखेच होते. मग दार इतक्या घाईनं का लावायचं?

प्रयोगवही

दोन्ही अभ्यास खरे आहेत, मी लिहायला हवे होते. पण दोन्हींत सुधारणा सांगणारे पालकच होते. दुसरं असं की रक्तातलं ऑक्सिटोसिन आणि मेंदूतलं ऑक्सिटोसिन हे एका टाकीतलं पाणी नव्हे. मध्ये मोठी आडकाठी आहे आणि नाकातून दिलेल्या मात्रेतला अगदी थोडाच अंश मेंदूपर्यंत जातो. छोट्या गटात दिसलेली आशा मोठ्या गटात टिकली नाही, असं या रेणूच्या बाबतीत आधीही घडलंय. २००५ मध्ये गाजलेला "ऑक्सिटोसिननं माणसांचा परस्परांवरचा विश्वास वाढतो" हा निष्कर्ष २०२० मध्ये जास्त लोकांवर तपासला, तेव्हा उभा राहिला नाही.

निवांतकोपरा

मी स्वतः ऑटिस्टिक आहे, वय २६. निदान बावीसाव्या वर्षी झालं. काकू, तुमच्या मुलाचा प्रश्न मी दहा वर्षं मनात विचारत होते, म्हणून लिहितेय.

आधी एका शब्दाबद्दल. ऑटिस्टिक माणसाला मराठीत "स्वमग्न" म्हणतात, म्हणजे स्वतःत बुडालेला. मी कधीच स्वतःत बुडालेली नव्हते. मी सतत इतरांचेच चेहरे वाचत बसायचे आणि त्यानं दमून जायचे. या धाग्यावर तो शब्द कुणी वापरला नाही, त्याबद्दल आभार.

फवारा चालतो की नाही याच्या आधी, तो नेमकं काय दुरुस्त करणार हे विचारायला हवं. २०१२ मध्ये डेमियन मिल्टन या ऑटिस्टिक अभ्यासकानं मांडलं की न कळणं दुहेरी असतं. आम्हाला तुम्ही कळत नाही तसे तुम्हालाही आम्ही कळत नाही. २०२० मध्ये एडिंबराच्या कॅथरिन क्रॉम्प्टन यांच्या गटानं कानगोष्टींसारखा प्रयोग केला. एकानं दुसऱ्याला गोष्ट सांगायची, त्यानं तिसऱ्याला, अशी आठ जणांची साखळी. सगळे ऑटिस्टिक असलेल्या साखळीत गोष्ट तितकीच नीट पोचली, जितकी एकही ऑटिस्टिक नसलेल्या साखळीत पोचली. मिश्र साखळीत ती जास्त गळली. मग फवारा एकाच बाजूच्या नाकात का?

आणि समजा, तो खरंच चालला. ऑक्सिटोसिननं माया वाढते असं म्हणतात, पण २००९ मध्ये इस्रायलमधल्या एका पैशांच्या खेळात त्यानं हेवा आणि दुसरा हरल्याचा आनंदही वाढला होता. काही अभ्यासक म्हणतात की ते समोरच्याकडून येणाऱ्या खुणा ठळक करतं, चांगल्या आणि वाईट दोन्ही. तुमच्या मुलाच्या वर्गातलं हसू त्याला आणखी ठळक ऐकू आलं तर?

त्याला विचारलंत का?

गोठ्यावरचा

मी पशुवैद्यक आहे. माझा मुद्दा छोटा, पण निकडीचा. आपल्याकडे ऑक्सिटोसिन म्हटलं की लोकांना म्हशीला टोचायचं इंजेक्शन आठवतं. दूध उतरवण्यासाठी ते टोचणं प्राण्यांना क्रूरतेनं वागवण्याविरुद्धच्या कायद्याच्या कलम १२ नुसार गुन्हा आहे, तरी चालतं. २०१८ मध्ये केंद्रानं खासगी कंपन्यांना त्याचं उत्पादन बंद करायला सांगितलं. दिल्ली उच्च न्यायालयानं त्याच वर्षी डिसेंबरमध्ये तो आदेश रद्द केला, कारण बाळंतिणीचा रक्तस्राव थांबवायला हेच औषध लागतं.

हे सांगतोय कारण एका वडिलांनी मला विचारलं होतं, ती कुपी ड्रॉपरमध्ये भरून नाकात घातली तर चालेल का. अजिबात नाही. त्यात किती औषध आहे आणि ते किती शुद्ध, याची हमी नसते. चर्चा करा, पण घरी प्रयोग करू नका.

जुनी_आई

माझा मुलगा आता ३२ वर्षांचा आहे. सांजवात, तुला अगं-तुगं करते, राग मानू नकोस.

आमच्या वेळी सिक्रेटिन होतं. पचनाचं संप्रेरक. १९९८ मध्ये तीन मुलांबद्दल बातमी आली की टोचल्यावर नजरेला नजर देऊ लागली, बोलू लागली. आम्ही वेडे झालो होतो. माझ्या भावानं अमेरिकेत चौकशी केली, मी बांगड्या मोडायची तयारी केली. पुढच्याच वर्षी ६० मुलांवरचा निकाल आला: औषध नसलेल्या इंजेक्शनपेक्षा काडीचाही जास्त उपयोग नाही. हा निकाल सांगितल्यावरही त्या अभ्यासातल्या ६९ टक्के पालकांनी आपल्याला सिक्रेटिन हवंसं वाटतं असं सांगितलं. मी त्या अभ्यासात नव्हते, पण मनानं त्यांच्यातलीच. दोन वर्षं त्यात गेली. त्या दोन वर्षांत तो चित्रं काढायला लागला होता आणि माझं तिकडे लक्ष नव्हतं. अजून टोचतं ते.

डोंगरकपारी

मावशी, हे वाचून गप्प झालो. तरीही सिक्रेटिनचा धडा ऑक्सिटोसिनला लावता येतो, असं मला वाटत नाही. मेंदूत ऑक्सिटोसिन जिथे चिकटून काम करतं अशा ग्राहक-जागा आहेत, प्राण्यांतला पुरावा भक्कम आहे. योग्य मूल, योग्य वय, योग्य मात्रा शोधायची बाकी आहे.

सांजवात

सगळ्यांचं दोनदा वाचलं. गोठ्यावरचा, तुमचं उत्तर मी आमच्या पालकांच्या गटात पाठवलंय.

प्रयोगवही, चार दिवसांचा अभ्यास मला अजून पुरेसा वाटत नाही. चार दिवसांत मूल पोहायलाही शिकत नाही. नीट चाचणी व्हावी हे माझं मत कायम आहे. पण वाट न पाहता परदेशातून मागवण्याचा विचार मनात होता, इथे लिहिलं नव्हतं. तो सोडला.

निवांतकोपरा, काल रात्री त्याला विचारलं. फवारा म्हणजे काय, कशासाठी, सगळं सांगितलं. त्यानं आधी विचारलं, वास येतो का. मग विचारलं, किती वेळ टिकतो. म्हटलं, काही तास. "मग संध्याकाळी परत कळणार नाही?" मला उत्तर देता आलं नाही. तो पुन्हा पंख्याचं रेग्युलेटर उघडायला गेला.

सोमवारी वर्गशिक्षिकांना भेटायचं ठरवलंय. तुम्ही त्या वयाच्या असताना शाळेत कुणी काय केलं असतं तर बरं झालं असतं?

निवांतकोपरा

मधल्या सुट्टीत वाचनालय उघडं ठेवलं असतं तर. आमच्याकडे त्या वीस मिनिटांत नेमकं त्यालाच कुलूप असायचं.