तंजावर म्हणे दोन तासांत उरकतं!

भटकी_मुक्ता:
कालच्या दक्षिण सहलीच्या धाग्यावर एकाने सल्ला दिलाय, "तंजावरला मोठं देऊळ सोडून काही नाही. दोन तासांत उरकतं, रात्री मदुराई गाठा." खाली धन्यवादांची रांग. राहवेना, म्हणून वेगळा धागा काढतेय. हे बृहदीश्वराचं देऊळ राजराज चोळाने 1010 साली पुरं केलं, समोरचा नंदी नंतरच्या नायक राजांचा आणि प्राकाराच्या भिंतीवर भोसले घराण्याचा इतिहास, तंजावरचे भोसले राजे सरफोजी यांनी 1803 साली मराठीत कोरून घेतलेला. हे सगळं एकाच आवारात. जवळच श्वार्ट्झ चर्च. तिथे संगमरवरात मरणशय्येवरचा मिशनरी श्वार्ट्झ आणि त्याचा हात हातात घेतलेले सरफोजीराजे. फ्लॅक्समन या इंग्रज शिल्पकाराकडून राजांनी ते मुद्दाम करवून घेतलं. ही दोन तासांत उरकायची गोष्ट आहे?

सह्यकडा:
तो सल्ला माझाच. सोबत सत्तरीची आई आणि दोन लहान मुलं होती. चपला बाहेर, फरशी तापलेली, आई दर चार पावलांनी सावली शोधत होती. दुपारी गाभारा बंद, चर्चला कुलूप. चार दिवसांच्या रजेत सगळ्यांना अभ्यासदौरा जमत नाही हो.

भटकी_मुक्ता:
मग भर दुपारी गेलात कशाला? सकाळी सहाला जायचं. वेळ तुमची चुकली आणि बदनाम शहराला करताय.

मोडीवेडा:
शिलालेखाचं निघालंच आहे तर बोलतो. 1855 पर्यंत तिथे आपलं राज्य होतं, हे इथे किती जणांना माहीत आहे? माझ्या शाळेच्या पुस्तकात जेमतेम एक ओळ होती. राजवाड्यातल्या सरस्वती महाल ग्रंथालयात मोडी कागदांचे गठ्ठे आहेत. मराठी माणसाने आधी ते पाहावं, बाकीचं नंतर.

कावेरीकाठ:
"आपलं राज्य" ऐकून कान किटले. आमचे पूर्वज शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजीराजे यांच्या मागोमाग इथे आले. तुम्ही लोक येता, शिलालेखापाशी फोटो काढता आणि आमची मराठी ऐकून हसता. पुण्याच्या एका लग्नात माझ्या आजीला लोकांनी पुन्हा पुन्हा बोलायला लावलं, मजा म्हणून. त्यानंतर ती तिथे तमिळच बोलली. व्यंकोजींचे पुत्र शहाजीराजे यांनी पाच भाषांतलं नाटक लिहिलं. सरफोजींच्या दरबारात चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम, वडिवेलू हे भाऊ भरतनाट्याची बांधणी करत होते आणि राजे स्वतः नाचासाठी मराठी निरूपणं रचत होते. यातलं मराठी तेवढं निवडून काय पाहणार?

मोडीवेडा:
आजींच्या बाबतीत जे झालं ते वाईटच. पण मराठी माणूस फिरकला नाही तर ते कागद वाचणार कोण?

कावेरीकाठ:
तंजावरच्या तमिळ विद्यापीठाने त्यातल्या कितीतरी मोडी कागदांचा तमिळ अनुवाद छापलाय, 1989 साली. तुम्ही फक्त गळा काढा!

मोडीवेडा:
अनुवादाचं मान्य. अभिमान मात्र सोडणार नाही.

कावेरीकाठ:
सोडा म्हणतंय कोण? आल्यावर चोळांची कांस्यशिल्पंही पाहा, राजवाड्यातच आहेत.

सह्यकडा:
धागा सहलीचा होता, आठवण करून देतो. ठीक आहे, दोन तास कमी पडतात. एक मुक्काम करा, असं माझ्या सल्ल्यात बदलतो. पण मुलं आणि म्हातारी माणसं सोबत असतील तर त्याच दिवसात राजवाडा आणि ग्रंथालय कोंबू नका, यावर मी ठाम आहे.

भटकी_मुक्ता:
दुसऱ्या दिवशी सकाळी राजवाडा. मदुराई कुठे पळून जात नाही.