थायलंडच्या सरकारी शाळेत आठवीचा वर्ग आवरत नाही, काय करावं?

मुक्काम_इसान
ईशान्य थायलंडमधल्या सरकारी शाळेत मत्थयोम २ ला (म्हणजे आपली आठवी) इंग्रजी संभाषण शिकवते. वर्गात ४४ मुलं, तास ५० मिनिटांचा, प्रत्येक तुकडीला आठवड्यातून एकदा. २/१ आणि २/२ या तुकड्या सुरळीत चालतात. २/८ आणि २/९ मध्ये मात्र पहिली दहा मिनिटं मुलं येतच राहतात, मागच्या दोन रांगा मोबाइलवर गेम खेळतात आणि जोडीने संवाद म्हणा असं सांगितलं की नुसता मासळीबाजार. थाई सहशिक्षिका कधी असतात, कधी नसतात. ओरडलं तर मुलं हसतात. शिक्षा कोणती चालते, कोणती नाही, तेही नक्की कळत नाही. जाणकारांनी सांगावं.

खडूफळा
ताई, पुढच्या दोन तासांना एकच काम करा: गोंगाट कितव्या मिनिटाला सुरू होतो ते टिपा. सुरुवातीचा, मधला आणि शेवटचा गोंगाट वेगवेगळ्या कारणांनी होतो, त्यामुळे तिन्हींना एकच औषध लागू पडत नाही.

सुरुवातीचं सोपं आहे. मुलं दुसऱ्या इमारतीतून येणार, बूट दाराबाहेर काढणार, त्यात पाच-सात मिनिटं जाणारच. तेवढ्या वेळात शिकवायला जाऊच नका. तुमचं काही न ऐकता करता येईल असं काम आधीच फळ्यावर लिहून ठेवा: उलटसुलट अक्षरांचे पाच शब्द, किंवा एक चित्र आणि तीन गाळलेल्या जागा. आठव्या मिनिटाला वह्यांवर शिक्का मारा, नवव्याला शिक्का बंद. तिथल्या मुलांना वहीवर शिक्षकांची सही घ्यायची सवय असते, कारण सत्राच्या गुणांत वही धरतात. उशिरा येण्यावर भाषण मात्र देऊ नका. वेळेवर आलेल्यांनाच ते ऐकावं लागतं.

त्यानंतर वर्गप्रमुखाच्या हुकमावर सगळे उभे राहून ‘गुड मॉर्निंग टीचर’ म्हणतात, तो विधी फुकट घालवू नका. अर्धे उभे, अर्धे बसलेले असतील तर ‘सिट डाउन’ म्हणायचंच नाही. एका जागी गप्प उभं राहायचं. नमस्कार ढिला झाला तर एकदा पुन्हा करून घ्या. तिसऱ्यांदा करायला लावलंत की त्यांना मजा वाटू लागते.

मधला गोंगाट बहुतेक वेळा सूचना न कळल्याचा असतो. पुष्कळ शाळांत तुकड्या गुणांप्रमाणे पाडतात, म्हणजे २/९ ला तुमचं निम्मं बोलणं डोक्यावरून जात असेल. सूचनांचा क्रम बदला. आधी दोन मुलांना पुढे बोलावून संवाद करून दाखवा. मग ‘संवादातला A कोण? आधी कोण बोलणार?’ असं विचारा. मग फळ्यावर वेळ लिहा, चार मिनिटं. कागद सगळ्यांत शेवटी. कागद आधी हातात पडला की माना खाली जातात आणि सूचना कोणी ऐकत नाही. संवाद आठ नाही, चारच ओळींचा ठेवा. तो आधी सगळ्यांकडून दोनदा, मग अर्धा वर्ग विरुद्ध अर्धा, मग रांगेरांगेने म्हणवून घ्या आणि मगच जोड्या. सहा मिनिटं जातात, पण जोडीत गप्प बसायचं कारण उरत नाही.

आणि २२ जोड्या एकदम बोलल्या तर आवाज होणारच. शेजारच्या वर्गाला त्रास होत नसेल तर त्याला बेशिस्त म्हणू नका.

दोनशे_पानी_वही
शिक्षेबद्दल. थायलंडच्या शिक्षण मंत्रालयाच्या बौद्ध संवत २५४८, म्हणजे इ. स. २००५ च्या नियमांत विद्यार्थ्याला शिक्षा म्हणून चारच गोष्टी करता येतात: ताकीद, सुधारण्याची मुदत देऊन देखरेख, वर्तनाचे गुण कापणं आणि वर्तन सुधारण्यासाठी एखादा उपक्रम. छडी त्यात नाही. एखादे थाई शिक्षक पट्टी घेऊन फिरताना किंवा उठाबशा काढायला लावताना दिसतील, पण त्यांचं बघून तुम्ही करू नका. तुमचा व्हिसा आणि वर्क परमिट त्या नोकरीला बांधलेले आहेत. वर्तनाचे गुणही स्वतः कापायला जाऊ नका. ते शाळेचा शिस्त विभाग आणि वर्गशिक्षकांमार्फत होतं. कोणाला, कोणत्या नमुन्यात कळवायचं ते आत्ताच विचारून ठेवा, भांडण झाल्यावर नाही.

मुलं हसतात तो उद्धटपणाच असेल असं नाही. चारचौघांत शोभा झाली की ओशाळून हसण्याची तिथे रीत आहे. म्हणून पुढून नाव घेऊन झापण्यापेक्षा शिकवत शिकवत मागे जा, बाकापाशी उभ्या राहा, मोबाइलकडे बोट करा, तो पालथा ठेवेपर्यंत थांबा आणि पुढे चला. हिसकावू नका. पडून फुटला तर भरपाईचा वाद तुमच्या गळ्यात. कायमचा काढून घ्यायचा असेल तर शाळेचा नियम लागतो, तुमचा नाही. डोक्याला हात लावायचा नाही, कौतुकानेही. पायाने दप्तर सरकवायचं नाही, मार्कर फेकायचा नाही.

टोपणनावं पाठ करा. पटावरची नावं लांबलचक असतात, पण प्रत्येकाचं एक छोटं टोपणनाव असतं आणि शिक्षकही तेच वापरतात. वर्गप्रमुखाकडून हजेरी क्रमांकानुसार यादी लिहून घ्या, जागांचा नकाशा काढा आणि टेबलावर चिकटवा. ‘यू, यू देअर’ म्हटल्यावर कोणीच मागे वळून पाहत नाही.

मुक्काम_इसान
धन्यवाद. गट पाडून गुण द्यावेत का? आणि बक्षीस म्हणून गोळ्या-चॉकलेट?

खडूफळा
पाचवी-सहावीपर्यंत गट ठीक. आठवीच्या कच्च्या तुकडीत विसाव्या मिनिटाला मागे पडलेला गट हातच टेकतो आणि मग उरलेल्यांनाही खेळू देत नाही. त्यापेक्षा सगळा वर्ग विरुद्ध घड्याळ. फळ्याच्या कोपऱ्यात सहा चांदण्या काढा. गोंगाट झाला की काही न बोलता एक पुसा. शेवटी उरतील तितकी मिनिटं खेळ. पुसलेली चांदणी परत मिळवता आली पाहिजे, नाहीतर सगळ्या गेल्या की तुमच्या हातात काहीच उरत नाही. गोळ्या नकोत, महिनाभरात मागणी वाढते.

कमरेला लावायचा माइक तिथे बरेच शिक्षक वापरतात. तो फक्त एकत्र म्हणवून घेताना चालू ठेवा. गोंगाटावर माइकने मात करायला गेलात की मुलं त्याच्याही वरच्या पट्टीत बोलतात.

मिरजेची_मास्तरीण
सहशिक्षिकांचं राहिलं. ‘वर्गात येत जा’ एवढंच मोघम सांगून उपयोग नाही, आणि गैरहजेरीची तक्रार वर नेली तर त्या दुखावतील ते वेगळंच. आदल्या दिवशी तीन ओळींची चिठ्ठी द्या: उद्याचा विषय, त्यांनी थाईत सांगायचं एक वाक्य आणि ‘पहिली दहा मिनिटं मागच्या दारापाशी थांबाल का?’ इतकी नेमकी विनंती असली की बहुतेक जण येतात.

‘नापास करीन’ ही धमकी देऊ नका. शून्य ग्रेड मिळाली तरी पुन्हा परीक्षा घेऊन उत्तीर्ण व्हायची संधी द्यावी लागते आणि मुलांना ते तुमच्याआधी माहीत असतं.

अजून एक, माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं. मागच्या रांगेतल्या गेमवाल्यांना इंग्रजी वाचता येतं का ते तपासा. बाकीचे फळ्यावरचं काम करत असताना एकेकाला टेबलापाशी बोलवा आणि दहा सुटी अक्षरं, तीन अक्षरी पाच शब्द वाचायला द्या. माणशी एक मिनिट. दोन तासांत मागच्या दोन्ही रांगा होतात. जो अडखळेल त्याला संवादाऐवजी चित्रासकट सहा शब्द द्या, वहीवर सही मात्र इतरांसारखीच. जोडी लावताना दोन न वाचणारे एकत्र बसवू नका, आणि अगदी हुशारही शेजारी देऊ नका, तो सगळं स्वतःच उरकतो. मधल्या फळीतला जोडीदार बघा.