मालकाला आकर्षण वाटतं म्हणून कर्मचाऱ्याला कामावरून काढणं न्याय्य आहे का?

सारासार:
अमेरिकेतल्या आयोवा राज्यातला दंतवैद्याचा खटला नुकताच सविस्तर वाचला. सुमारे साडेदहा वर्षं काम केलेल्या सहायक बाईंना डॉक्टरांनी 2010 साली काढून टाकलं. कामात खोट नव्हती. डॉक्टरांच्या पत्नी त्याच दवाखान्यात काम करायच्या. त्यांनी दोघांमधले मेसेज पाहिले आणि हिला काढाच असा आग्रह धरला. हातात एक महिन्याचा पगार देऊन बाईंना घरी पाठवलं गेलं. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2012 मध्ये, आणि फेरविचारानंतर जुलै 2013 मध्येही, एकमताने सांगितलं की हा लिंगभेद नाही. कायद्याचं राहू द्या, पण हे न्याय्य कसं? आणि आपलं मन गुंतत चाललंय हे मालकाला खरोखर जाणवलं, तर त्याने करावं काय?

कलमकागद:
त्या निकालाचा अर्थ फार ताणला जातो. बाईंनी दावा लावला होता फक्त लिंगभेदाचा. लैंगिक छळाचा दावा केलाच नव्हता, त्यामुळे डॉक्टरांनी बाईंच्या कपड्यांवर केलेली शेरेबाजी छळ ठरते का, हा प्रश्न न्यायालयापुढे आलाच नाही. न्यायालयाचा तर्क असा: बाई म्हणून काढलं नाही, त्या एका नात्यामुळे संसारात ताण आला म्हणून काढलं, आणि त्यांच्या जागी बाईच घेतली. तिथे बहुतेक नोकऱ्या मालकाच्या मर्जीवर असतात, काढायला सबळ कारण लागत नाही. वागणूक वाईट होती की नाही हे आम्ही ठरवत नाही, असंही निकालात स्पष्ट आहे.

न्यूयॉर्कमध्ये 2017 साली अपील न्यायालयाने जवळपास अशाच प्रकरणात उलटी भूमिका घेतली. तिथेही मालकाच्या पत्नीच्या मत्सरामुळे कर्मचारी स्त्रीची नोकरी गेली होती. काढण्यामागचं कारणच लैंगिक आकर्षण असेल तर लिंगभेदाचा दावा उभा राहू शकतो, असं ते न्यायालय म्हणालं. मला हेच पटतं. त्या जागी पुरुष असता तर ही वेळ आली असती का, एवढा एक प्रश्न विचारून बघा.

मधलीसुट्टी:
मालकाने काय करावं, यावर लिहिते. आकर्षण वाटणं हा गुन्हा नाही, पण ते ज्याला वाटतं त्याचं ओझं त्यानेच उचलायचं. पहिल्या आठवड्यातच कामाबाहेरचे मेसेज बंद करायचे. एकदम अबोला धरायचा नाही, कारण मग समोरच्या व्यक्तीला वाटतं की आपलंच काही चुकलं. पगारवाढ, रजा आणि कामाचं मूल्यमापन हे तीन निर्णय दुसऱ्या वरिष्ठाकडे सोपवायचे. दुसरा वरिष्ठच नसेल तर निकष आधी लिहून काढायचे आणि सगळ्यांना तेच लावायचे. कोणाची तरी जागा किंवा पाळी बदलावीच लागली, तर बदल मालकाने स्वतःच्या वेळापत्रकात करावा. नेमकं इथेच चुकतं. हलवलं जातं ते नेहमी हाताखालच्या माणसाला.

आणखी एक हमखास चूक म्हणजे काढायचं आधी ठरवायचं आणि मग कारण शोधायचं. चार वर्षं ‘उत्तम’ शेरा, आणि मेसेज उघडकीला आल्यावर पंधरा दिवसांत ‘कामात हलगर्जीपणा’ची पहिली नोटीस. दोन्ही कागदांवरच्या तारखा शेजारी ठेवल्या की खरं कारण कोणालाही दिसतं.

सारासार:
आणि मेसेजमध्ये तीही हसून उत्तर देत असेल तर?

पानगळ:
तरी सगळा दोष तिच्यावर जात नाही. ज्याच्या हातात आपला पगार आहे त्याच्या थट्टेला हसणं म्हणजे होकार नव्हे. वरिष्ठाने वैयक्तिक बोलणं सुरू केलं की उत्तर न देण्याचीही किंमत असते. बरोबरीच्या दोघांमध्ये मोकळी थट्टा चालू शकते, पण एकाने विषय बदलला, उत्तर टाळलं किंवा ‘नको’ म्हटलं, की तिथेच थांबायचं. दुसऱ्यांदा विचारणं म्हणजे त्रास देणं.

कर्मचाऱ्याने पुराव्यासाठी पूर्ण संभाषण ठेवावं, स्वतःची उत्तरंसुद्धा. निवडक स्क्रीनशॉट दिले की समोरचा उरलेले मेसेज काढून दाखवतो आणि खरी तक्रारही संशयात सापडते. तारीख आणि नंबर दिसला पाहिजे. नापसंती एकदा तरी लेखी कळवलेली बरी, एक ओळ पुरते: ‘कृपया कामापुरतंच बोलूया.’ आणि दबावाखाली राजीनाम्यावर सही करू नये. ‘स्वखुशीने’ हा एक शब्द पुढची सगळी वाट अवघड करतो.

कलमकागद:
असंच भारतात घडलं तर कामाच्या ठिकाणी स्त्रियांच्या होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा 2013 चा कायदा बघावा लागेल. आकर्षण नुसतं मनात असेल तर तो लागू होत नाही. नको असलेले शेरे, मेसेज किंवा मागणी असेल आणि त्याला जोडून नोकरीत नुकसान करण्याची उघड वा आडून धमकी असेल, तर तो लैंगिक छळ ठरू शकतो. तक्रार शेवटच्या घटनेपासून 3 महिन्यांत लेखी द्यायची. उशिराचं कारण पटलं तर तक्रारीची चौकशी करणारी कामाच्या ठिकाणची समिती आणखी 3 महिने देऊ शकते.

लहान दवाखान्यात लोक एका ठिकाणी अडतात: ‘इथे समितीच नाही, जायचं कुठे?’ 10 पेक्षा कमी कर्मचारी असतील, किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जायचं. चौकशी 90 दिवसांत संपायला हवी. चौकशी चालू असताना बाईंना लेखी विनंती करून बदली किंवा 3 महिन्यांपर्यंत रजा मागता येते, आणि ही रजा त्यांच्या हक्काच्या रजेतून वजा होत नाही. तक्रार सिद्ध करता आली नाही म्हणून ती खोटी ठरत नाही, हेही त्याच कायद्यात लिहिलं आहे. मालक याच्या उलट सांगून घाबरवतात, म्हणून ते कलम छापून सोबत ठेवा.