कात्रजच्या नळाचा नकाशा: क्यूजीआयएसमध्ये अंतर वाढते, छापताना जोडाक्षरे फुटतात

प्रश्न (सदाशिव पेठेतील सभासद)

नमस्कार मंडळी,

नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावातून शनिवारवाड्यापर्यंत आणि वाटेतल्या हौदांपर्यंत पाणी आणणाऱ्या नळाचा नकाशा मी तयार करीत आहे. आमच्या गल्लीतील दहा-बारा जण महिन्यातून एका रविवारी काळा हौद, बदामी हौद, सदाशिव पेठेतील हौद यांच्या खुणा शोधत फिरतात. त्यांच्या हाती देता येईल असा, ए३ कागदावर छापलेला संपूर्ण मराठी नकाशा असावा, एवढीच इच्छा आहे. निवृत्तीनंतर क्यूजीआयएस हे नकाशे तयार करण्याचे मोफत सॉफ्टवेअर घरीच शिकलो, त्यामुळे मूलभूत चूक असल्यास स्पष्ट सांगावे.

एका गल्लीची लांबी आम्ही टेपने मोजली, ती २०० मीटर भरली. तीच रेघ काढून तक्त्यात सूत्राने लांबी काढली, तर २११ मीटर आली. रेघ पुन्हा काढली तरी उत्तर तेच. हौदांची माहिती शेपफाइल या नकाशांच्या जुन्या फाइल-प्रकारात साठवली, तेव्हा ‘हौदाचे नाव’ या रकान्याचे नाव नुसते ‘हौद’ झाले आणि लांब वर्णने मध्येच तुटली. शेवटी पीडीएफ छपाईच्या दुकानात दिली, त्यांनी ती आपल्या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडली आणि ‘विश्रामबाग’मधला ‘श्र’ फुटून ‘श्’ आणि ‘र’ शेजारी शेजारी उभे राहिले. पार्श्वभूमीच्या नकाशावरील रस्त्यांची नावे तर भिंगाशिवाय वाचता येत नाहीत. शिवाय १२ जुलै १९६१च्या पानशेत पुराआधीच्या एका शहर-नकाशाची स्कॅन प्रत माझ्याकडे आहे, ती आजच्या नकाशावर बसवता येईल का?

उत्तर (कोथरूडहून, नकाशांचे काम करणारी)

काका, तुमची रेघ बरोबर आहे आणि टेपही बरोबर आहे. तुमचा प्रकल्प ईपीएसजी ३८५७ या क्रमांकाच्या प्रक्षेपणात, म्हणजे गोल पृथ्वी सपाट मांडण्याच्या पद्धतीत, असणार. संकेतस्थळांवरचे बहुतेक नकाशे त्यातच असतात, आणि असा नकाशा रिकाम्या प्रकल्पात पहिला थर (एकावर एक ठेवायच्या माहितीचा एक पदर) म्हणून ओढला की प्रकल्पही मुकाट्याने तेच प्रक्षेपण घेतो. त्यात विषुववृत्तावर माप खरे असते आणि जसजसे उत्तरेस जावे तसतसे ते ताणले जाते. पुण्याच्या साडेअठरा अक्षांशावर हा ताण सुमारे साडेपाच टक्के भरतो. २०० मीटरला साडेपाच टक्के म्हणजे तुमचे जास्तीचे ११ मीटर. यूटीएम या पृथ्वीचे पट्टे पाडणाऱ्या प्रक्षेपणात पुणे ४३ उत्तर या पट्ट्यात येते, तेव्हा प्रकल्प आणि रेघांचा थर दोन्ही त्या पट्ट्याच्या ईपीएसजी ३२६४३ मध्ये न्या; मग २०० मीटरमागे फरक चार-पाच सेंटीमीटरवर येईल. मात्र थराच्या गुणधर्मांत जाऊन नुसता क्रमांक बदलू नका, कारण तेथे फक्त पाटी बदलते, आतले आकडे तसेच राहतात आणि तुमचा काळा हौद भलत्याच मुलखात जाऊन पडतो. थर निर्यात करतानाच नवे प्रक्षेपण निवडावे.

शेपफाइलचा नाद सोडा आणि जिओपॅकेज या नव्या फाइल-प्रकारात साठवा. शेपफाइलमध्ये रकान्याच्या नावाला १० बाइट मिळतात, आणि युनिकोडमधील देवनागरीचे प्रत्येक चिन्ह, काना-मात्राही वेगळे धरून, तीन बाइट खाते. ह, औकाराची मात्रा आणि द मिळून नऊ बाइट झाले. म्हणून ‘हौद’ वाचला आणि बाकीचे गेले. मजकुराची मर्यादा २५४ बाइटची, म्हणजे जेमतेम ८४ चिन्हे, हे तुमच्या तुटलेल्या वर्णनांचे कारण.

आता छपाई. पीडीएफ निर्यात करताना मजकूर अक्षररूपात न ठेवता आकृतीरूपात पाठवण्याचा पर्याय निवडा. दुकानातल्या संगणकावर तुमचा फाँट नसला तरी जोडाक्षरे शाबूत राहतील. पेठेचे नाव ऐसपैस दिसावे म्हणून अक्षरांमधले अंतर वाढवण्याचा मोह इंग्रजी नकाशे पाहून सर्वांनाच होतो, पण देवनागरीत त्याने शिरोरेखा तुटते. त्याऐवजी आकार वाढवा किंवा रंग फिका करा. वळणावळणाने जाणारे लेबलही टाळा, कारण प्रत्येक अक्षर वेगळे वळवले गेल्याने शिरोरेखेला कोपरे पडतात. रस्त्याला समांतर, सरळ लेबल बरे दिसते.

पार्श्वभूमीची नावे बारीक होतात, कारण ती तयार चित्राचा भाग आहेत. ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) निर्यात करताना सॉफ्टवेअर अधिक जवळची चित्रे मागवते आणि त्यांवरची अक्षरे कागदावर मुंगीएवढी उतरतात. क्विकओएसएम हे प्लगइन (क्यूजीआयएसला जोडायचे पूरक साधन) घेऊन रस्ते, नदी आणि इमारती स्वतंत्र थर म्हणून उतरवा आणि त्यांना रंग, जाडी, लेबल स्वतः द्या. एक संध्याकाळ जाईल, पण नकाशा तुमचा होईल.

प्रमाणाचा विचार मात्र रंगांच्या आधी करा. कात्रजच्या तलावापासून शनिवारवाडा सरळ रेषेत सुमारे आठ किलोमीटर आहे. १:२५,००० ला तो ३२ सेंटीमीटर होतो आणि उभ्या ए३ वर मावतो, पण त्या प्रमाणात पेठांतले हौद एकमेकांवर चढतील. पेठांसाठी १:५,००० चा वेगळा कागद करा. आणि नळाची जमिनीखालची वाट जेथे हौद किंवा उच्छ्वास (नळाचे हवेसाठीचे वर निघालेले तोंड) प्रत्यक्ष पाहिलेला नाही, तेथे तुटक रेघेनेच दाखवा. ठसठशीत निळी रेघ पाहिली की लोक ती मोजलेली आहे असेच समजतात.

उत्तर (नारायण पेठेतील सभासद)

जुना नकाशा क्यूजीआयएसमधल्या जिओरेफरन्सर या साधनाने बसतो, पण खुणेचे बिंदू, म्हणजे जुन्या आणि आजच्या दोन्ही नकाशांत ओळखू येणाऱ्या जागा, निवडताना घाई करू नये. नदीकाठचे कोपरे अजिबात घेऊ नका, कारण पुरानंतर तेथे बरेच नव्याने बांधले गेले. रस्त्यांचे कोपरेही रुंदीकरणात सरकलेले असतात. शनिवारवाड्याच्या आतल्या इमारती १८२८च्या आगीत गेल्या, परंतु तटबंदी आणि बुरूज जागेवर आहेत, म्हणून मी बुरुजांपासून सुरुवात करतो. विश्रामबागवाड्याचे कोपरे आणि पर्वतीवरील देवळे हेही विश्वासाचे.

साध्या, पहिल्या श्रेणीच्या रूपांतराला (नकाशा नुसता सरकवणे, फिरवणे, ताणणे) तीन बिंदू पुरतात, आणि नवखा माणूस तेथेच फसतो: तीनच बिंदू दिले की चूक, म्हणजे बिंदू आपल्या जागेपासून किती हुकले तो आकडा, नेहमी शून्य दिसते. मी स्वतः एकदा असा ‘शून्य चुकीचा’ नकाशा अभिमानाने दाखवला होता आणि त्यात तुळशीबाग शेजारच्या रस्त्यावर आली होती. दहा-बारा बिंदू पसरून घ्या. कागद सुरकुतलेला असेल तर थिन प्लेट स्प्लाइन वापरता येते, पण ती पद्धत दिलेला प्रत्येक बिंदू ओढून तंतोतंत बसवते, त्यामुळे तिने दाखवलेल्या चुकीच्या आकड्याला काहीच अर्थ नसतो. चार बिंदू बाजूला राखून ठेवावेत आणि ते कोठे पडतात हे शेवटी पाहावे.

प्रश्नकर्ता

ताई, आपण सांगितल्याप्रमाणे थर निर्यात केला आणि २११ चे २०० झाले. टेप धरणारा मित्र आता मला ऐकवल्यावाचून राहणार नाही. जिओपॅकेजमध्ये वर्णनेही पूर्ण राहिली. तुटक रेघेचा सल्ला मान्य आहे, जरी त्यामुळे नकाशाचा निम्मा भाग तुटकच दिसणार आहे. ज्या हौदांची जागा पक्की ठाऊक नाही, ती गूगलच्या नकाशावरून उचलली तर चालेल का?

उत्तर (कसब्यातून)

तसे करू नये. तुम्ही क्विकओएसएमने जे उतरवले ते ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून केलेल्या खुल्या नकाशाचे आहे. २००४ साली सुरू झालेल्या त्या प्रकल्पाची माहिती २०१२ पासून ओडीबीएल या खुल्या परवान्याखाली मिळते: छापा, विका, बदला, फक्त श्रेय द्या, आणि बदललेली माहिती इतरांना दिलीत तर ती त्याच परवान्याखाली द्या. गूगलच्या नकाशावरून जागा आणि नावे उतरवण्याची मुभा नाही, आणि तशी उचललेली माहिती ओपनस्ट्रीटमॅपमध्ये भरली तर ती काढून टाकली जाते. रविवारी फिरताना फोनवर जागेची नोंद घ्या. वाड्यांच्या अरुंद बोळांत फोन सहज दहा मीटर इकडेतिकडे दाखवतो, म्हणून जवळच्या चौकापासून टेपनेही मोजा. टेप धरणारा मित्र तुमच्याकडे आहेच. पक्के झालेले हौद ओपनस्ट्रीटमॅपवर मराठी नावासह भरलेत तर पुढच्याला तेवढे कष्ट कमी.

श्रेयाची ओळ ‘© ओपनस्ट्रीटमॅपचे योगदानकर्ते’ अशी खालच्या कोपऱ्यात टाका, मात्र कडेपासून निदान पाच मिलिमीटर आत. कागद कापताना माझी ती ओळ एकदा कात्रीखाली गेली आणि पन्नास प्रतींवर हाताने लिहावी लागली.