घरी छापलेले फोटो काळपट येतात, चेहरे लाल दिसतात. काय करू?

चाफेकळी:
सासऱ्यांचं सहस्रचंद्रदर्शन झालं, त्याचा अल्बम घरीच छापतेय. सहा शायांचा टँक प्रिंटर, ४×६ चा ग्लॉसी कागद, लॅपटॉपवर फोटो सुधारायचं लाइटरूम क्लासिक. स्क्रीनवर फोटो झकास दिसतात. छापून आले की औक्षणाचा फोटो लोडशेडिंगमध्ये काढल्यासारखा! चेहरे लालसर, आणि सासऱ्यांचा जांभळा कद अगदी मळकट. लाइटरूममध्ये कागदाच्या कंपनीचा प्रोफाइल (त्या कागदासाठीची रंगांची फाइल) निवडलाय. प्रिंटरच्या सेटिंगला हात लावलेला नाही. नवरा म्हणतो, प्रिंटरच बदल. खरंच बदलू का?

जुना_लॅबवाला:
नका बदलू, ताई. काळपटपणा आणि लाली ही दोन वेगळी दुखणी आहेत, एकत्र सोडवायला गेलात तर नुसती शाई जाईल.

काळपटपणा आधी. लॅपटॉपचा ब्राइटनेस किती ठेवलाय? पैज लावतो, पूर्ण. नवे स्क्रीन सहज दर चौरस मीटरला २५०-३०० कँडेला (उजेडाचं माप) उजेड देतात. छपाईसाठी फोटो बघायचे तर ८० ते १२० पुरे. स्क्रीन स्वतः उजळतो, कागदाला खोलीतला उजेड उसना घ्यावा लागतो. झगझगीत स्क्रीनवर फोटो छान दिसतो म्हणून आपण तो मुळातच अंधारा ठेवतो. मोजायचं यंत्र नसेल तर कोरा पांढरा कागद स्क्रीनशेजारी दिव्याखाली धरा, स्क्रीनवर कोरं पान उघडा आणि दोन्ही साधारण सारखे उजळ दिसेपर्यंत ब्राइटनेस उतरवा. नाइट लाइट आणि आपोआप बदलणारा ब्राइटनेस आधी बंद. मग फोटो परत बघा, तुम्हालाच एक्स्पोजर वाढवावंसं वाटेल.

आता लाली. लाइटरूम प्रोफाइल लावून रंग बदलतं, मग ड्रायव्हर, म्हणजे लॅपटॉपमधलं प्रिंटर चालवणारं सॉफ्टवेअर, त्यावर स्वतःची अक्कल चालवतो. रंग दोनदा बदलले की हमखास लालसर-किरमिजी झाक येते. दोघांपैकी एकानंच काम करायचं. लाइटरूममध्ये प्रोफाइल निवडलाय ना, मग ड्रायव्हरमधली रंगदुरुस्ती बंद करा. एपसनमध्ये 'नो कलर अ‍ॅडजस्टमेंट', कॅननमध्ये 'मॅचिंग'खाली 'नन'. कागदाचा प्रकार मात्र ड्रायव्हरमध्येही बरोबर निवडा, शाई किती सोडायची ते त्यावर ठरतं.

आणि प्रिंट बघता कुठे? स्वयंपाकघरातल्या पिवळ्या बल्बखाली रंग जोखू नका. दुपारी खिडकीपाशी, थेट ऊन नको. तेही लगेच नाही, डाय शाई वाळताना रंग थोडा सरकतो. रात्रभर ठेवा.

उंटावरचा_शहाणा:
एवढा खटाटोप कशाला? पेन ड्राइव्ह घ्या, लॅबमध्ये द्या, संध्याकाळी अल्बम हातात. शाई, कागद आणि वाया गेलेल्या प्रिंट धरल्या तर घरची छपाई स्वस्त नाहीच.

जुना_लॅबवाला:
स्वस्त नाही, कबूल. पण लॅबचं मशीन 'ऑटो करेक्शन'वर असलं की सगळ्यांना एकाच रंगात काढतं. मी त्याच खुर्चीत बसायचो, म्हणून सांगतो. द्यायचेच असतील तर फाइल एसआरजीबीत (नेहमीच्या प्रमाण रंगपद्धतीत) द्या आणि 'करेक्शन नको' असं बजावून सांगा.

शाईफेक:
ताई, शाई कुठली भरलीय? बाहेरची स्वस्त शाई असेल तर कंपनीचा प्रोफाइल निरुपयोगी. तो ठरावीक प्रिंटर, ठरावीक शाई आणि ठरावीक कागद या तिघांच्या जोडीवर बनवलेला असतो. कागदाच्या पाकिटावर नुसतं '२३० जीएसएम' लिहिलेलं असतं, तो वजनाचा हिशोब (एका चौरस मीटरला किती ग्रॅम), रंगाशी संबंध नाही. आधी नोझल चेक (शाईची सगळी छिद्रं चालू आहेत का ते दाखवणारं पान) पण काढा. फिकी किरमिजी किंवा फिकी निळी शाई अडकली असेल तर चेहरेच आधी बिघडतात.

चाफेकळी:
शाई कंपनीचीच, नोझल चेक स्वच्छ. ड्रायव्हरची रंगदुरुस्ती बंद केली आणि लाली गेली! सासूबाईंची नथसुद्धा नीट दिसतेय. ब्राइटनेस निम्म्याच्याही खाली आणलाय, दोन दिवस डोळ्यांना सवय होत नव्हती. तरी प्रिंट अजून किंचित गडद. आणि कद तसाच मळका.

जुना_लॅबवाला:
उरलेल्या गडदपणासाठी लाइटरूमच्या प्रिंट विभागात तळाशी 'प्रिंट अ‍ॅडजस्टमेंट' आहे. तिथला ब्राइटनेस फक्त छपाईला लागू होतो, मूळ फोटो तसाच राहतो. औक्षणाचाच फोटो +१०, +२०, +३० वर लहान आकारात छापा, मागे पेन्सिलीनं आकडा लिहा आणि जो पटेल तो अख्ख्या अल्बमला लावा.

कदाचं वेगळं आहे. स्क्रीनवरचा गर्द जांभळा बऱ्याचदा या शायांच्या आवाक्याबाहेरचा असतो. डेव्हलप विभागात एस दाबा, सॉफ्ट प्रूफ, म्हणजे छापून कसं दिसेल त्याची स्क्रीनवरची झलक, उघडेल. तिथे तुमच्या कागदाचा प्रोफाइल निवडा आणि 'गॅमट'ची (रंगांच्या आवाक्याची) सूचना चालू करा. कदावर लाल ठिपके आले, तर तेवढा रंग कागदावर उतरणार नाही. मग ब्रशनं फक्त कदाचं सॅच्युरेशन (रंगाचा भडकपणा) थोडं कमी करा, घड्या परत दिसायला लागतील. इंटेंट, म्हणजे आवाक्याबाहेरचे रंग आत बसवायची पद्धत, 'परसेप्च्युअल' (सगळेच रंग थोडे आवळते) आणि 'रिलेटिव्ह' (फक्त बाहेरचे रंग आत ओढते) दोन्ही लावून बघा. गर्द रेशमाला मला परसेप्च्युअल बरा वाटतो, पण चेहरे जवळून असतील तिथे रिलेटिव्ह.

चाफेकळी:
ठिपके आले, अख्खा कद लाल झाला! आज रात्री परसेप्च्युअलवर छापून ठेवते. कुठली शाई आधी संपते बघू, निळी आत्ताच तळाला गेलीय.