पार्लरसाठी आणखी दोन पीएस५ घेऊ की व्हीआरचे तीन हेडसेट? नागपुरातून विचारून राहिलो

मानेवाड्याचा पार्लरवाला

नमस्कार मंडळी. मानेवाडा भागात माझं गेमिंग पार्लर आहे. गाळा तेरा बाय बावीस, चार पीएस४, दोन पीएस५ (टीव्हीला जोडून खेळायचे सोनीचे कन्सोल), मागे भिंतीला लागून एक लांब बाक. यंदा भिशी उचलली आहे आणि दिवाळीच्या आत पैसे कुठेतरी लावायचे आहेत. बायको म्हणते एसी लाव. माझ्या डोक्यात मात्र दोनच गोष्टी फिरून राहिल्या आहेत. एकतर आणखी दोन पीएस५ घ्यायचे, नाहीतर साधारण तेवढ्याच पैशात व्हीआरचे तीन हेडसेट, म्हणजे डोळ्यांवर बांधले की चारी बाजूंनी गेमच दिसतो ते. व्हीआर कन्सोलसारखा घरोघरी जाईल का, हे मला अमेरिकेपुरतं विचारायचं नाही. आपल्या पोट्ट्यांचं काय ते सांगा.

थोडा अनुभव आहे, तो आधी सांगतो. मेव्हण्याने फेब्रुवारीत दुबईहून एक हेडसेट आणून दिला. तो मी चार महिने पार्लरमध्ये चालवला. दहा मिनिटांचे शंभर रुपये. कन्सोलचे तासाला माणशी साठ. कागदावर हिशेब असा झकास दिसत होता की मी बायकोला दोनदा वाचून दाखवला.

पहिले पंधरा दिवस दारात रांग होती. तुकडोजी पुतळ्याकडून पोरं यायची, नंदनवनमधून यायची. एकाने तर मित्राला हेडसेट घालून फक्त रील काढली, तो ओरडला, हे हसले, शंभर रुपये देऊन निघून गेले. मग रांग हळूहळू आटली. वहीत पाहिलं तर फिफाची, म्हणजे कन्सोलवरच्या फुटबॉलची, नावं तीच तीच, दर आठवड्याला. व्हीआरच्या पानावर प्रत्येक नाव एकदाच.

जागेचंही गणित चुकलं. हेडसेटला किमान दोन मीटर बाय दोन मीटर मोकळी जमीन लागते, म्हणून मी एक टीव्ही आणि चार खुर्च्या उचलल्या. जिथे चौघं बसून टेकन हा मारामारीचा गेम खेळत होते तिथे आता एक जण उभा राहून हवेत हात मारू लागला. वर पंखा. छत ठेंगणं, एका उंच पोराचा हात पात्याच्या चार बोटांवर गेला तेव्हा माझंच काळीज धडधडलं. म्हणून त्या कोपऱ्यातला पंखा बंद ठेवला. नागपुरात, एप्रिलमध्ये, पंखा बंद! तोंडाला स्पंज बांधून उड्या मारा म्हणायचं लोकांना.

कूलर त्यांच्याकडे वळवला तर त्या दमट हवेत काचांवर धुकं. स्पंज तर असा ओला की पुढचा गिऱ्हाईक तो बोटाने दाबून बघायचा आणि "भाऊ, राहू द्या" म्हणायचा. डोक्याला तेल लावून येणाऱ्यांचं वेगळंच. मागचा पट्टा दर तासाला पुसावा लागे.

लाइट गेली की कन्सोल बंद पडतात, हे ठरलेलं. मला वाटलं, हा बॅटरीवर चालतो, हा तरी सुरू राहील. राहिलाही सुरू. पण अंधारात त्याच्या कॅमेऱ्यांना खोली दिसेना, चित्र थांबलं आणि पोट्टा मध्येच पुतळ्यासारखा उभा.

शेवटचा घोटाळा माझाच. मे महिन्यात दुपारी चारला हेडसेट काउंटरवर उलटा ठेवून चहा प्यायला गेलो. पश्चिमेचं दार उघडं. ऊन भिंगातून आत गेलं आणि पडद्यावर नखाएवढा पिवळट डाग पडला. शाळेत भिंगाने कागद जाळायचो, तेच झालं. मोजून सात-आठ मिनिटं झाली असतील.

आता सांगा. माझी चूक की व्हीआरची?

इतवारीचा हिशेबी

दोघांचीही नाही, उत्साहाची. थोडा इतिहास ऐका, कारण हा तमाशा आपण पहिल्यांदा पाहून राहिलो असं नाही. १९९५ मध्ये निन्टेंडोने व्हर्च्युअल बॉय आणला. टेबलावर स्टँड, त्यात डोळे खुपसायचे, आत फक्त लाल आणि काळं चित्र. आठ लाखही खपले नाहीत, वर्षभरात गुंडाळला. ज्या कंपनीने घराघरात मारिओ नेला तिची ही गत.

मग २०१२ मध्ये ऑक्युलसने लोकांकडून वर्गणी गोळा करून रिफ्ट नावाचा हेडसेट बनवायला घेतला, २०१४ मध्ये फेसबुकने ती कंपनी साधारण दोन अब्ज डॉलरला उचलली. तेव्हापासून दर दिवाळीला ऐकतो की पुढचं वर्ष व्हीआरचं.

तुमच्या प्रश्नाला थेट लागू पडणारा आकडा एकच आहे. सोनीने २०१६ मध्ये पीएस४ ला जोडायचा हेडसेट काढला. तीच कंपनी, तेच गिऱ्हाईक, कन्सोल आधीच घरात. २०१९ संपेपर्यंत तो ५० लाखांच्या आसपास विकला गेला. तोवर पीएस४ दहा कोटींच्या पुढे गेला होता. म्हणजे वीस घरांमागे एक घर. ज्यांच्याकडे यंत्र तयार होतं त्यांच्यातही एवढंच. २०२३ चा दुसरा हेडसेट तर अमेरिकेत ५५० डॉलरला आला, खुद्द पीएस५ पेक्षा महाग. शेपूट घोड्यापेक्षा महाग असेल तर घोडेवाला काय करेल?

मेटाचा, म्हणजे त्याच फेसबुकवाल्या कंपनीचा, व्हीआरचा विभाग एकट्या २०२३ मध्ये १६ अब्ज डॉलरच्या वर तोट्यात होता. त्यांना परवडतं. तुमची भिशी आहे, भाऊ.

सिम्युलेटर पोट्टा

हिशेबी काका, आकडे बरोबर, पण पार्लरवाले दादांनी लोकांना दाखवलं काय ते विचारा ना! पैज लावतो, रोलर कोस्टर लावला असेल.

मानेवाड्याचा पार्लरवाला

लावला होता. आणि एक भुताचा वाडा.

सिम्युलेटर पोट्टा

तेच! दादा, रोलर कोस्टर म्हणजे व्हीआरमधला सगळ्यात वाईट पदार्थ. सावजी पहिल्यांदा खाणाऱ्याला कोणी सगळ्यात तिखट ताट वाढतं का? माणूस पुन्हा येत नाही.

मी त्रिमूर्ती नगरला राहतो, तीन वर्षं खेळतो. बीट सेबर घ्या. समोरून ठोकळे येतात, गाण्याच्या तालावर दोन तलवारींनी कापायचे, पाय जागेवर. मळमळ जवळजवळ नाही. माझं पोट त्याच्यावर कमी झालं, जिमला पैसे भरून नाही झालं. गोरिला टॅगमध्ये पाय नसतातच, हाताने जमीन ढकलत पळायचं, शाळेतली पोरं त्याच्यासाठी वेडी आहेत. हाफ लाइफ: अलिक्स २०२० मध्ये आला. त्यात फळीवरचे डबे हाताने सरकवून मागची बंदुकीची गोळी शोधावी लागते. हे कन्सोलच्या बटणावर होत नाही. आणि ग्रॅन टुरिस्मो ७! स्टीअरिंग लावून, डोळ्यावर हेडसेट घालून आरशात मागची गाडी बघायची. त्यानंतर टीव्हीवर गाडी चालवणं म्हणजे दुसऱ्याची गाडी खिडकीतून बघणं.

पण खरं सांगतो, माझ्या सात मित्रांपैकी कोणीच घेतला नाही. सगळे घरी येऊन खेळून गेले, सगळ्यांना आवडला. घेतला कोणी नाही.

चष्मेवाली

मी डोळे तपासते, धरमपेठेत बसते. गेम खेळत नाही, पण "व्हीआर घातला की डोकं दुखतं" म्हणून येणारे वाढले आहेत, म्हणून दोन गोष्टी.

मळमळ होते ती अशी. डोळे सांगतात आपण पळतो आहोत, कानातलं तोल सांभाळणारं इंद्रिय सांगतं आपण उभे आहोत. मेंदूला हे भांडण झेपत नाही. म्हणून ज्या गेममध्ये हातातल्या कंट्रोलरची काठी ढकलून चालावं लागतं तो नवख्याला द्यायचा नाही. एका जागेवरून दुसऱ्या जागेवर एकदम उडी मारायची सोय असेल तर ती चालू करा. समोरून वारा आला तरी पुष्कळांना बरं वाटतं, त्यामुळे दादा, तुमचा बंद पंखाही नडला असणार.

दुसरं, दोन बुबुळांमधलं अंतर. मोठ्या माणसांत सरासरी ६३ मिलिमीटर, पण माझ्याकडे ५७ वालेही येतात आणि ७० वालेही. भिंगं त्या मापाला सरकवली नाहीत तर चित्र धूसर दिसतं आणि माणूस म्हणतो यंत्र खराब. पार्लरमध्ये प्रत्येकासाठी तुम्ही ते सरकवत होतात का? आणि माप बरोबर असलं तरी एक गोष्ट उरतेच. जवळची वस्तू पाहताना डोळे आत वळतात, पण फोकस मात्र दीड-दोन मीटरवरच अडकलेला, कारण पडदा तिथेच आहे असं भिंग दाखवतं. कपाळ दुखतं ते त्याने. हा दोष अजून बाजारातल्या हेडसेटमधून गेलेला नाही.

लहान मुलांना देऊ नका. मेटानेही आधी वयाची अट १३ ठेवली होती, २०२३ मध्ये पालकांच्या देखरेखीखाली १० केली. तुमच्याकडे सहावीतली पोरं दप्तरासकट येत असतील, मला माहीत आहे.

मानेवाड्याचा पार्लरवाला

ताई, भिंगं सरकवतात हेच मला चार महिन्यांनी तुमच्याकडून कळून राहिलं. धन्यवाद म्हणू की कपाळाला हात लावू?

सगळं वाचून एक प्रसंग आठवला. दुकानासमोर एक भाजीवाल्या मावशी बसतात. मे महिन्यात ऊन चढलं की आत येऊन बाकावर टेकतात. एक दिवस मीच म्हटलं, मावशी, बघा तर. समुद्राखालचा व्हिडिओ लावला, चारी बाजूंनी दिसणारा. पाणी पायाशी आलं तशी त्यांनी खरोखर लुगडं वर धरलं. एक मोठा मासा अंगावरून गेला तेव्हा मान अशी मागे गेली की मी खांद्याला धरलं. काढला तेव्हा स्पंजवर त्यांच्या कुंकवाचा गोल ठसा. हसल्या, म्हणाल्या, "मस्त आहे रे बाबू." दुसऱ्या दिवशी विचारलं, मावशी, आज जंगल दाखवू? तर म्हणाल्या, "नको, पाहून झालं."

माझ्या वहीतली सगळी नावं एकदाच का होती, ते मला तेव्हा कळायला हवं होतं. लोक व्हीआर पाहतात. रामन विज्ञान केंद्रात जाऊन तारे पाहून यावं तसं. फिफा कोणी पाहून संपवत नाही, कारण काल हरलेला आज बदला घ्यायला येतो.

आणि मागचा बाक. माझ्याकडे नियम आहे, हरला तो उठला. त्यामुळे खेळणारे दोन आणि बाकावर सहा. ते सहा जण चहा पितात, शिव्या देतात, पेनल्टी कोणत्या कोपऱ्यात मार ते सांगतात. खरा खेळ तिथेच असतो. हेडसेट घातला की पोराला बाक दिसत नाही आणि बाकाला पोराचं तोंड दिसत नाही. मी आतलं चित्र टीव्हीवर टाकून पाहिलं, तर ते मानेबरोबर इतकं हलायचं की खेळणारा ठीक आणि बघणारे मळमळले.

इतवारीचा हिशेबी

आमच्या वेळी ९९९९९ गेमांच्या काडतुसावर कॉन्ट्रा खेळायचो. घरात एक टीव्ही, दोन रिमोट, गल्लीतली अकरा पोरं. तीस जीव मिळवायचा कोड सगळ्यांना पाठ. तो खेळ एकट्याने डोळे बांधून खेळायला सांगितला असता तर मी अभ्यासाला बसलो असतो.

सिम्युलेटर पोट्टा

काका, पण तुमचा हा मुद्दा मोबाइललाही लागू होतो की. मोबाइलवर पण पोट्टा एकटाच मान घालून बसतो, तरी तो घरोघरी गेलाच.

इतवारीचा हिशेबी

गेला, कारण तो फोन करायला घेतला होता. गेम त्यावर फुकटात आला. हेडसेट अजून घरी दुसऱ्या कुठल्या कामाला फारसं कोणी घेत नाही. ॲपलने २०२४ मध्ये साडेतीन हजार डॉलरचा काढला, कामासाठी म्हणून. एवढ्यात आपल्याकडे चांगली बाइक येते आणि वर दोघांना बसता येतं.

सिम्युलेटर पोट्टा

हे मान्य. तरी मी म्हणतो चष्म्याएवढा हलका झाला की बघा. आत्ताचा अर्धा किलो नाकावर बसतो.

चष्मेवाली

नाकावर अर्धा किलो घेऊन कोणी रोज बसत नाही. मी गिऱ्हाइकांना तीस ग्रॅमची फ्रेमही जड झाली म्हणून परत करताना बघते.

मानेवाड्याचा पार्लरवाला

ठरलं मंडळी. पीएस५ एकच घेतो आणि उरलेल्यात एसी. बायकोला अजून सांगितलं नाही, कारण ती म्हणेल हे मी मार्चमध्येच सांगितलं होतं. डागवाला हेडसेट विकत नाही, फक्त रविवारी संध्याकाळी काढणार, ठोकळे कापायचा गेम, दहा मिनिटं, बारा वर्षांच्या वर, आणि भिंगं सरकवून. पोट्ट्या, तू एखाद्या रविवारी ये, स्टीअरिंग घेऊन. चहा माझ्याकडे.

चार खुर्च्या परत जागेवर लावल्या. बाक मात्र आता अपुरा पडून राहिला आहे. नागपुरात कोणाकडे जुना सहा फुटी बाक असेल तर सांगा. लाकडी हवा, लोखंडी नको, दाराजवळ ऊन येतं आणि चटका बसतो.